आजोबांची ३१५ ठेवावी की नवी रायफल घ्यावी?

राम राम दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: आजोबांची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बोल्टची, म्हणजे दर गोळीला हातानं खटका मागंपुढं करून भरायची, रायफल वारसानं तुमच्या नावावर झाली आहे. शेत कन्नड तालुक्यात, डोंगराच्या कडेला. मक्यात आणि तुरीत रानडुकरं पडतात. शंभर पावलांवर ठेवलेल्या डब्याला गोळी कधी बरोबर लागते, कधी हातभर डावीकडं जाते, पावसाळ्यात तर कसलाच भरवसा नाही. हाताशी लाखभर रुपये आहेत. शेजारी म्हणतो ही विका आणि थर्टी-ओ-सिक्स बोअरची जास्त ताकदीची रायफल घ्या. मेव्हणे म्हणतात दुर्बीण बसवा. आणि कुणीतरी मोबाईलवर बघून नळी थोडी कापा, चाप हलका करा असं सांगितलंय.

मी फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. आता संभाजीनगरात शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात काम करतो. मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्यांतून ३१५ माझ्या बाकावर येतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त रायफलींत दोष नसतोच. असतो तो लाकडात, स्क्रूत नाहीतर मालकाच्या घाईत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. डुकरांचं काय करायचं हा एक, आणि रायफल एका जागी गोळी का टाकत नाही हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याला पैसा लावून पहिला सोडवायला निघालात. म्हणून आधी पहिल्याचं बोलतो, थोडं कडू लागेल.

आपल्या देशात ‘शिकारीची रायफल’ हा शब्दच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोडीत काढला. शेताच्या परवान्यावर रायफल असली तरी जनावरावर गोळी झाडायची मुभा तिच्याबरोबर येत नाही. ती वेगळी, वन खात्याकडून, लेखी आणि त्या जनावरापुरती घ्यावी लागते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी अशी परवानगी मिळू शकते. काळवीट, चिंकारा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्याकडं नळी वळवायचाही विचार नको. परवानगीनं मारलेलं डुक्कर सरकारचं असतं; त्याचं मटण वाटून खाल्लं की तुम्ही आरोपी. हे सांगतो कारण रायफल घेऊन दुकानात येणारे निम्मे लोक ‘वन खात्याचा कागद’ म्हटलं की गप्प होतात.

आणि डब्यावर नेम धरून शेतात जी प्रॅक्टिस चाललीय, ती आजपासून बंद करा. निष्काळजीपणानं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपलं शिवार डोळ्यासमोर आणा. रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते. आपल्याकडं थ्री-फेज लाईट बरेचदा रात्रीची येते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरणारा माणूस कुठल्या बांधावर उभा असेल, सांगता येतं का? ऊसतोड चालू असेल तर फडाच्या कडेला कोप्या असतात, त्यात लेकरं झोपलेली असतात. उन्हाळ्यात तापून टणक झालेल्या रानात किंवा काळ्या दगडावर गोळी आपटली तर ती उसळून कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो: गोळीच्या मागं मातीचा बांध किंवा टेकडीची भिंत दिसत नसेल तर बोट चापाच्या बाहेर. हा नियम पाळला की शंभर मीटरच्या पुढचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या गरजेची रायफल म्हणजे साठ-सत्तर मीटरवर पहिली गोळी बशीएवढ्या जागेत टाकणारी रायफल. लांब पल्ल्याची नव्हे.

खरं सांगायचं तर बारा एकराच्या मक्याला झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं यंत्र, जितकं वाचवतं तितकं कुठलीही रायफल वाचवत नाही. लाखातले पहिले पैसे तिकडं घाला. मशीन प्रमाणित घ्या, घरची लाईट तारेत सोडू नका, माणसं मेलीत त्यात. शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी कायदासुद्धा आधी ठासणीची बंदूक आणि ती पुरत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे बाराबोअर, सुचवतो. रायफल हे त्याचं पहिलं उत्तर नाही. तुमच्याकडं ती आजोबांमुळं आलीय, एवढंच.

आता रायफल.

थर्टी-ओ-सिक्स वाईट नाही. गोळी वेगानं जाते, सरळ जाते, लांब जाते. आणि लांब जाते हीच आपल्या शिवारातली अडचण. धक्का जास्त. त्यात नवं हत्यार म्हणजे परवान्यावर नवी नोंद, नवी धावपळ. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात हेही लक्षात घ्या. तुम्ही दोनशे मीटरच्या रेंजवर स्पर्धेसाठी नेम मारणार असता तर मी वेगळं बोललो असतो. मका राखायला मी हातातली ३१५ विकणार नाही.

ही ३१५ आली कुठून हेही बघण्यासारखं आहे. इंग्रजांच्या काळात ३०३ फौजेची. तिची काडतुसं खाजगी हातांत जाऊ नयेत म्हणून ती बोअर लोकांना बंद. मग बंदूक बनवणाऱ्यांनी तीच ली-एनफिल्डची घडण घेतली आणि तिला ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाची नळी बसवली. तीच आपली ३१५. पुढं पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानं तिचा संसार चालवला. ३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे, ३१५ नाही. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातात फौजेच्या रायफलीचीच सख्खी बहीण आहे. तिचे गुण तेच, खोडीही त्याच. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम. जड, बोथट नाकाची, हळू. सत्तर मीटरवर तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. दीडशेवर ती चांगलीच खाली बसते, आणि तो रायफलीचा दोष समजून लोक माझ्याकडं येतात.

पैसा लावायच्या आधी रायफल नेमकं काय करते ते मोजा. जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर जा, पन्नास मीटरवर पांढरा कागद लावा, वाळूच्या थैलीवर रायफल टेकवा. थैली पुढच्या लाकडाखाली हवी, नळीखाली नाही. पाच गोळ्या. प्रत्येकीनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. शेतात जी गोळी कामाची ती थंड नळीची पहिलीच असते. पाचही भोकं एका ठिकाणी पण डावीकडं असतील तर रायफल चांगली आहे, फक्त शिस्त, म्हणजे नेमाची जुळणी, चुकलीय. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, डाव्या बाजूला किंचित सरकवायची, गोळी जिकडं जाते तिकडंच. माशी आणि मागची खाच यांत अर्ध्या मीटरचं अंतर धरलं तर माशी एक मिलिमीटर हलली की शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर सरकते. हातोडीनं ठोकायचं काम नाही ते. पण भोकं कागदभर पसरली असतील तर माशीला हात लावू नका. दोष दुसरीकडं आहे.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरं वाटतंय. ‘पावसाळ्यात भरवसा नाही’ हे तुमचंच वाक्य.

मागच्या भाद्रपदात अंबाजोगाईकडचे एक गुरुजी अशीच ३१५ घेऊन आले. दोन दुर्बिणी बदलून झालेल्या, वैतागलेले. मी दहाची कोरी नोट घेतली आणि नळी व पुढचं लाकूड यांच्या फटीत सरकवली. डाव्या बाजूनं नोट सरळ गेली. उजव्या बाजूनं चार बोटं जाऊन अडकली. बाकी सांगायला नको होतं: लाकूड ओल पिऊन फुगलं, उजवीकडून नळीला ढकलत होतं आणि गोळ्या डावीकडं चालल्या होत्या. उन्हाळ्यात तेच लाकूड बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सुकून आकसायचं आणि रायफल आपोआप ‘सुधारायची’. गुरुजींनी दुर्बीण बदलली ती नेमकी वैशाखात, म्हणून त्यांना वाटायचं नवी दुर्बीण मानवली.

लाकूड उतरवलं तर आतली खाच कोरडीठाक. बाहेरून पॉलिश चकचकीत, आत कारखाना सोडल्यापासून तेलाचा थेंब नाही. नळीला दिव्याची काजळी लावली, लाकूड बसवलं, काढलं. जिथं काळा ठिपका उठला तेवढंच खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपका. असं अकरा-बारा वेळा. घाई करणारा माणूस इथंच सगळी खाच कोरून मोकळा होतो. ते करू नये. एनफिल्डच्या घडणीला नळी पूर्ण मोकळी सोडणं मानवतंच असं नाही. काहींना टोकाशी खालून हलका आधार लागतो. नको असतो तो बाजूचा रेटा.

दुसरी जागा मॅगझिनच्या मागं, जिथं लाकडाच्या दोन बैठका गोळीचा धक्का झेलतात. तीस-चाळीस वर्षांत त्या दबतात. मग गोळी सुटली की लाकूड केसभर मागंपुढं होतं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतं. गुरुजींच्या रायफलीत मी तिथं कठीण लाकडाचे दोन तुकडे डकवले. शेवटी कच्चं जवसाचं तेल, आतून-बाहेरून, आठ दिवस रोज एक हात. जवस आपल्याच रानातलं, बाहेरून काही मागवायला नको. खर्च माझ्या चार दिवसांच्या मजुरीचा. नंतर रेंजवर शंभर मीटरला पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या. उघड्या माशीवर ३१५ कडून मी याहून जास्त मागत नाही.

हे घरी करायला बसू नका. एक कारण सांगतो. जुन्या एनफिल्ड घडणीत मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टाचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. दस्ता डुगडुगतो म्हणून कुणी मागून स्क्रूड्रायव्हर घालून तो बोल्ट आवळला की पुढचं लाकूड उभं चिरतं. आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्त्याला हात. वर्षाला दोन-तीन तरी चिरलेली लाकडं येतात माझ्याकडं. मालक सांगतात, आपोआप फुटलं.

तुम्ही स्वतः बघू शकता अशा गोष्टी तेवढ्या सांगतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, डोळ्यानं आणि बोटानंही. बोल्ट बाहेर काढा. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का पाहा. जुळत नसेल तर गेजवर, म्हणजे काडतुसाची जागा बरोबर आहे का ते बघायच्या मापावर, तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. दुसऱ्याचा बोल्ट यात बसतो, पण बसतो म्हणजे चालतो असं नाही. मग नळीच्या तोंडाच्या कडेवरून कान साफ करायची कापसाची काडी गोल फिरवा. कुठं धागा अडकला तर तिथं ओरखडा आहे, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचाच असतो. जुन्या रायफलीत नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी तिरकी ओढून ओढून ही कड एका बाजूनं झिजलेली असते. कारागीर ती पुन्हा सम करून देतो, तासाभराचं काम.

दुर्बिणीचं. ती गोळी सुधारत नाही, दिसणं सुधारते. आजोबांच्या वयाच्या डोळ्यांना तिचा उपयोग होतो, तुमच्या वयाला सत्तर मीटरवर क्वचित. बऱ्याच जुन्या ३१५ वर तिच्यासाठी छिद्रंच नसतात. बॉडीत छिद्र पाडणं म्हणजे जिथं सगळा दाब येतो तिथं ड्रिल घालणं. बसवायचीच तर परवानाधारकाकडून, आणि डोळ्यापासून किमान साडेतीन इंच लांब राहील अशी. एअर रायफलची स्वस्त दुर्बीण लावून आलेल्या एका पाहुण्याच्या भुवईला पाच टाके मी पाहिलेत. ३१५ ला लोखंडी बटप्लेट, खांद्याला लाथ मारते. मला विचाराल तर दुर्बिणीच्या आधी दस्त्याला चांगला रबरी पॅड लावा. माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढताना डोळे मिटतो, आणि मग रायफल कुणाचीही असो.

चापाला कानस लावू देऊ नका. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो: पहिला टप्पा सैल, मग एक अडथळा, मग गोळी. लोकांना तो पहिला सैलपणा म्हणजे बिघाड वाटतो. फौजेत याच्यावर पिढ्या तयार झाल्या. कानशीनं तो टप्पा घालवलेली रायफल बोल्ट जोरात लावताना आपोआप सुटू शकते. आणि परवान्याशिवाय नळी कापायला तर शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमात सरळ बंदी आहे, त्यावर चर्चाच नको. ज्यानं सांगितलं त्याच्या हातात रायफल देऊ नका.

काडतुसांचं एक छोटं पण रोजचं. ३१५ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढं यायला हवी. मागं राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात, बोल्ट पुढं जात नाही आणि लोक म्हणतात रायफल जाम झाली. निम्म्या ‘जाम’ तक्रारी मी एवढं दाखवून परत पाठवतो, पैसे न घेता. काडतुसं एकाच पेटीतली, एकाच वर्षाची वापरा. ज्या पेटीवर शिस्त लावली तीच शेतासाठी राखून ठेवा. नव्या पेटीवर कंपनीचं वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका. ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. रायफली एकीकडं, दारूगोळा दुसरीकडं. आजोबांच्या कपाटात जुनी काडतुसं असतील तर ती वापरू नका, दुकानात दाखवा. फार जुन्या साठ्यातल्या काडतुसांची टोपी, म्हणजे बुडातला ठिणगी देणारा भाग, नळीत क्षार सोडायची. नुसत्या तेलानं ते जात नाहीत. आम्ही फौजेत आधी उकळतं पाणी ओतायचो, मग कोरडी चिंदी, मग तेलाची.

सराव कसा करायचा? ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्या. तिला परवाना लागत नाही. वाड्याच्या भिंतीला जाड फळी आणि मागं वाळूची पोती लावून दहा मीटरवर रोज वीस छर्रे. पकड, शिस्त आणि चाप, बाकी काही नाही. तीन महिन्यांनी ३१५ घेऊन रेंजवर जा. फरक कागदावर दिसेल, आणि काडतुसांचे पैसे वाचतील ते वेगळे.

म्हणजे तुमच्या लाखाचा माझा हिशेब असा: मोठा वाटा झटका मशीनला. मग रायफलीची तपासणी, लाकडाची बैठक, नळीची कड, रबरी पॅड. मग एअर रायफल. उरले तर रेंजवरची काडतुसं. दुर्बीण यादीत नाही. गेजवर बोल्ट फेल झाला किंवा नळीच्या आतल्या पन्हाळी गंजानं खाल्लेल्या निघाल्या, तर मात्र हिशेब बदलतो. तसल्या रायफलीवर मी एक रुपया घालू देणार नाही. तेव्हा नवी ३१५ बघू. दुकानात नवी घेतानाही हीच नोट, हीच कापसाची काडी खिशात ठेवा. तीन-चार रायफली मागून त्यातली निवडा. एकाच कारखान्यातल्या, एकाच लॉटच्या दोन रायफलींच्या लाकडाची बैठक सारखी नसते, मी शेजारी ठेवून पाहिलीय.

निवडणुकीचं विसरत होतो. आचारसंहिता लागली की परवान्याची बरीच हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि दोन-दोन महिने तिथंच राहतात. एका साली एकाच गावच्या चार रायफली माझ्याकडं आल्या, चारही नळ्या तांबड्या. दोष ठाण्याचा म्हणा की मालकांचा, गंज त्यांची वाट बघत नाही. जमा करायच्या आदल्या रात्री नळीतून तेलाची ओली चिंदी फिरवा, बाहेरच्या लोखंडावर हात फिरवा, सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. पावतीवर नंबर तपासून घ्या. परत मिळाली की झाडायच्या आधी नळी कोरडी पुसा. तेलकट नळीची पहिली गोळी भलतीकडंच जाते.

माझ्याकडं किंवा कुठल्याही परवानाधारक कारागिराकडं जाताना मूळ परवाना बरोबर ठेवा, रायफल पिशवीत, बोल्ट काढून वेगळा. काडतुसं घरी. पन्नास मीटरचा तो कागद मात्र आणा, आणि त्यावर तारीख व त्या दिवशी पाऊस होता की ऊन, तेवढं लिहून ठेवा.